साध्या व्हायोलिनची घरची निगा: ठाणे-नवी मुंबईच्या हवेत वाद्य सुरात कसं ठेवायचं

आमच्या घरी व्हायोलिन आलं ते जूनच्या दुसऱ्या आठवड्यात. लेक अकरा वर्षांची, वाद्याचं माप पाऊण, किंमत साडेपाच हजार. बो (वाजवायचा गज), राळ आणि पेटी त्यातच. पहिल्याच रविवारी क्लासमधून निरोप आला, "तारा उतरल्यात, घरून लावून आणा." रात्री जेवणं उरकून मी खुंटी पिळायला बसले. ती जागची हलेना. जोर लावला तशी कटकन सुटली, गर्रकन फिरली आणि सगळ्यात बारीक तार तुटून माझ्या मनगटावर ओढली गेली. लेक घाबरून आत निघून गेली. नंतरचे पंधरा दिवस ते वाद्य कपाटावर पडून होतं.

आमच्या मजल्यावर एक आजोबा राहतात. तरुणपणी ते ऑर्केस्ट्रात व्हायोलिन वाजवायचे. त्यांनी ते खाली काढायला लावलं, खिडकीपाशी नेऊन चहूबाजूंनी बघितलं आणि म्हणाले, "वाद्य वाईट नाही हो. ते अजून कुणी नीट जोडलेलंच नाही."

गेल्या तीन वर्षांत मला या वाक्याचा अर्थ पुरता कळला. कमी किमतीच्या व्हायोलिनमध्ये लाकूड बऱ्यापैकी असतं. मग ते मिनतवारीनं वाजतं ते कशामुळे? ब्रिज (तारांना वर उचलून धरणारी लाकडी घोडी) बसवणं, खुंट्या भोकात मुरवणं, तारांची उंची जमवणं ही हातानं करायची, वेळखाऊ कामं. किंमत खाली आणायची म्हणून कारखान्यात नेमकी तीच अर्धवट सोडलेली असतात. ही कामं पुरी केली की चार-सहा हजारांचं वाद्यही शिकायला पहिली दोन-तीन वर्षं आरामात पुरतं. केली नाहीत तर मूल म्हणतं "मला जमत नाही", आणि आपल्यालाही ते खरं वाटतं. हे सगळं लिहून काढण्याचं कारण एवढंच.

आधी हाताशी काय हवं

- ट्यूनर. मोबाइलवरचं फुकट ॲप चालतं, पण पंखा आणि टीव्ही चालू असलेल्या घरात ते गोंधळतं. वाद्याला चिमट्यासारखा लावायचा क्लिप-ऑन ट्यूनर लाकडाची कंपनं पकडतो, म्हणून तो बरा.
- मऊ शिशाची पेन्सिल, २बी किंवा ४बी.
- फळ्यावरचा साधा पांढरा खडू आणि कोरड्या साबणाचा तुकडा.
- जुन्या सुती साडीची किंवा पंचाची दोन फडकी. एक राळ पुसायला, एक तारांवरचा घाम पुसायला. ती एकमेकांत मिसळू नका.
- मिलिमीटरच्या खुणा असलेली छोटी पट्टी आणि मोबाइलचा टॉर्च.
- सुट्या तारांचा एक संच, त्याखेरीज एक जादा ई तार, म्हणजे सगळ्यात बारीक. तुटते ती बहुतेक वेळा हीच.
- पेटीत मावेल असा छोटा आर्द्रतामापक आणि सिलिका जेलच्या पुड्या.
- कागदांमध्ये बिल, वॉरंटी कार्ड असल्यास ते, आणि ऑनलाइन मागवलं असेल तर खोकं उघडतानाचा सलग व्हिडिओ. वाद्याच्या आतल्या लेबलचा फोटोही काढून ठेवा.

पॉलिश, लिंबाच्या वासाचं लाकूड-तेल, "वाद्य चमकवणारा" स्प्रे यातलं काहीही घेऊ नका.

१. खोकं उघडल्यावर, वाजवायच्या आधी

पहिल्यांदा माप. मुलानं डावा हात सरळ पुढे करून वाद्य खांद्यावर धरलं की स्क्रोल, म्हणजे वरचं गुंडाळीसारखं डोकं, तळव्यात सहज यायला हवं आणि कोपर किंचित वाकलेला राहायला हवा. कपडे आपण वाढत्या अंगाचे घेतो. व्हायोलिन तसं घेऊ नका. मोठ्या वाद्यावर मुलाचं बोट सुराच्या जागी पोचतच नाही, आणि बेसूर कानामुळे आहे असं वाटत राहतं.

मग टॉर्च घ्या आणि उजव्या बाजूच्या एफच्या आकाराच्या खाचेतून आत बघा. पेन्सिलीएवढ्या जाडीची एक काडी उभी दिसली पाहिजे. हा साउंडपोस्ट. वरच्या पातळ तारेच्या बाजूच्या ब्रिजच्या पायामागे, किंचित टेलपीसकडे (तारांची खालची टोकं अडकवतात तो भाग) तो असतो. तो चिकटवलेला नसतो, वरच्या आणि खालच्या फळीमध्ये नुसता दाबानं उभा असतो. फ्रेंच आणि इटालियन भाषेत या काडीला चक्क "आत्मा" म्हणतात, आणि आवाजाच्या दृष्टीनं ते खरंच आहे. वाद्य हलवल्यावर आत काहीतरी गडगडत असेल तर ती काडी पडलेली आहे. अशा वेळी तारा ताणू नका. चारही तारा मिळून वरच्या फळीवर मोठा भार टाकतात आणि खालून आधार नसला तर फळी खचू शकते किंवा तडकू शकते. व्हिडिओ काढा आणि परत पाठवा. आमचं पहिलं वाद्य असंच आलं होतं. विक्रेत्यानं "हे असंच असतं" म्हणून आठ दिवस घोळवलं आणि तेवढ्यात परत घ्यायची मुदत संपत आली. म्हणून सांगते, पहिल्याच दिवशी तपासा आणि पहिल्याच दिवशी लिहून कळवा.

शेवटी बोटाच्या पेरानं कडेकडेनं सगळीकडे हलकेच टकटक करा. सगळीकडे आवाज भरीव आला पाहिजे. एखाद्या ठिकाणी पोकळ किंवा फडफडल्यासारखा आला तर तिथला सांधा सुटलेला आहे.

२. ब्रिज: सगळा खेळ याच्या पायांवर

बऱ्याचदा ब्रिज आडवा, कागदात गुंडाळून येतो. तो कुठे ठेवायचा याची खूण वाद्यावरच असते. एफच्या दोन्ही खाचांना आतल्या बाजूला एकेक बारीक चीर असते. त्या दोन चिरा जोडणारी रेघ मनात ओढा. ब्रिजचे दोन्ही पाय त्या रेघेवर येतात. पूर्ण मापाच्या वाद्यात ही जागा वरच्या कडेपासून साधारण १९५ मिलिमीटरवर असते. लहान मापांमध्ये चिरांवरच विसंबा. कमी उंचीची बाजू ई तारेकडे, उंच बाजू जी तारेकडे, म्हणजे सगळ्यात जाड तारेकडे. उलटा बसवलेला ब्रिज मी दोन घरांत पाहिलाय, आणि दोन्हीकडे मूल बिचारं एका वेळी दोन-दोन तारा ओढत होतं.

आता सरळपणा. वाद्य डोळ्यांच्या पातळीवर आडवं धरा आणि बाजूनं बघा. ब्रिजची टेलपीसकडची पाठ वरच्या फळीशी काटकोनात असली पाहिजे. तारा चढवताना त्या ब्रिजचा माथा दर वेळी थोडाथोडा फिंगरबोर्डकडे, म्हणजे बोटं दाबायच्या लांब पट्टीकडे, ओढतात. एका दिवसात ते लक्षात येत नाही, महिन्याभरात तो झुकतो, आणि मग एखाद्या संध्याकाळी कुणी हात न लावता ठाप्पकन आडवा पडतो. त्या धक्क्यानं साउंडपोस्टही पडू शकतो. त्यामुळे तार लावून झाली की दर वेळी बाजूनं बघायची सवय लावा. झुकला असेल तर वाद्य मांडीवर घ्या, तारा किंचित उतरवा, दोन्ही हातांच्या अंगठ्या-तर्जनीत ब्रिजचे वरचे कोपरे धरा आणि केसभर, केसभर मागे आणा. पाय सरकता कामा नयेत, फक्त माथा हलायला हवा.

पाय फळीला पूर्ण टेकलेत का, हे बघायला कागदाची बारीक पट्टी घ्या. ती पायाच्या कडेखाली कुठूनही शिरली तर पाय फळीच्या गोलाईला जुळत नाही. हे घरी घासून जमवायच्या भानगडीत पडू नका, ते कारागिराचं काम आहे. तारांची उंची मात्र तुम्हीच मोजा, म्हणजे कारागिराला नेमकं सांगता येतं. फिंगरबोर्डच्या ब्रिजकडच्या टोकाशी पट्टी उभी धरायची. पूर्ण मापाच्या वाद्यात ई तार साधारण ३ ते ३.५ मिलिमीटर आणि जी तार ५ ते ५.५ मिलिमीटर वर असते, मुलांच्या मापात त्याहून थोडी कमी. आमच्या वाद्यात जी तार सात मिलिमीटरवर होती. लेकीची बोटं लाल व्हायची, आणि मी तिला "सवय होईल" म्हणत होते, याचं मला अजून वाईट वाटतं.

वरच्या टोकाला तारा जिच्यावरून खुंट्यांकडे जातात ती छोटी पट्टी म्हणजे नट. तिथं तारेखाली फिंगरबोर्डापर्यंत जेमतेम जाड कागद जाईल एवढीच फट हवी. जास्त असेल तर पहिलं बोट दाबताना सूर चढतो. हेही कारागिराला सांगा.

जाता जाता: ब्रिजवरच्या आणि नटवरच्या खाचांत पेन्सिलीचं शिसं घासून ठेवा. तार सुळकन सरकते, ब्रिजला ओढत नाही, तुटतही कमी.

३. खुंट्या

बहुतेकांचा धीर इथंच सुटतो, म्हणून थोडं सविस्तर.

खुंटी निमुळती असते, भोकही निमुळतं. व्हायोलिनमध्ये हा उतार ३० ला १ असा असतो. म्हणजे खुंटी धरून ठेवायला स्क्रू नाही, चाकी नाही. लाकडाला लाकूड घासतं आणि ती पाचरीसारखी अडकते, एवढंच. गिटारवरून आलेली माणसं इथं फसतात. ती नुसती फिरवतात आणि सोडतात, खुंटी उलटी फिरते. खुंटी फिरवता फिरवता आत दाबायची असते, बाटलीला बूच लावताना लावतो तशी. वाद्य मांडीवर उभं घ्या, एका तळव्यानं खुंट्यांच्या डब्याला पलीकडून आधार द्या आणि दुसऱ्या हातानं खुंटी आधी थोडी उतरवा, मग दाबत वर आणा. आधी उतरवायचं कशाला? अडकलेली खुंटी सुटते आणि तार अचानक उडी मारत नाही. त्या रात्री मी हेच केलं नव्हतं.

आता आपल्या हवेचा भाग. लाकूड दमट हवेत फुगतं, कोरड्या हवेत आकसतं. त्यामुळे जून ते सप्टेंबर खुंट्या गच्च बसतात आणि डिसेंबर-जानेवारीत सैल पडतात. एसी असलेल्या क्लासमध्ये तर हे तासाभरातही होतं. घरी आवळलेली खुंटी तिथल्या थंड कोरड्या हवेत सुटते आणि तार लोंबते. वाद्याचा यात काही दोष नाही. क्लासमध्ये पोचल्यावर दहा मिनिटं पेटी बंदच ठेवा, मग उघडून लावा.

खुंटी घसरत असेल तर ती तार पूर्ण उतरवा, खुंटी बाहेर काढा आणि नीट बघा. जिथं ती भोकाला घासते तिथं दोन चकचकीत कडी दिसतात, डब्याच्या एका भिंतीशी एक आणि दुसऱ्या भिंतीशी एक. त्या कड्यांवर खडू घासा, परत बसवा, चार-पाच वेढे फिरवा. खुंटी गच्च होत असेल, फिरताना कुरकुरत असेल, तर त्याच कड्यांवर कोरडा साबण घासा आणि त्यावर किंचित खडू. साबणानं ती फिरते, खडूनं धरते. प्रमाण दोन-तीनदा करून जमतं. चकचकीत कडं एकाच बाजूला दिसलं तर खुंटी आणि भोक जुळत नाहीत, तिथं खडू-साबणाचा उपयोग नाही. कारागीर ती खुंटी तासून देतो.

खोबरेल तेल, शिवणयंत्राचं तेल, टाल्कम पावडर यांपैकी काहीही नको. तेल लाकडात मुरलं की खुंटी पुन्हा कधी धरत नाही. पक्कडही नको. पावसाळ्यात अडकलेल्या खुंटीला मी एकदा पक्कड लावली आणि खुंटीचं डोकं तुटून हातात आलं. अडकली असेल तर पेटीत सिलिका जेल ठेवून वाद्य दोन दिवस तसंच राहू द्या. बहुतेक वेळा ती आपण होऊन सुटते.

४. सुरात लावणं

पाश्चात्त्य पद्धतीत जाड तारेपासून जी, डी, ए, ई: १९६, २९३.७, ४४० आणि ६५९.३ हर्ट्‌झ. आधी ए लावा, मग डी, जी आणि शेवटी ई. चौथी लावेपर्यंत पहिली थोडी उतरलेली असणारच, कारण प्रत्येक तारेच्या ताणानं सगळं वाद्य जरासं वाकतं. म्हणून दोन फेऱ्या धरूनच चला.

मुख्य सूत्र: नेहमी खालून वर या. सूर चढला असेल तर आधी सुराखाली उतरवा आणि मग हळू वर आणा. चढलेली तार नुसती उतरवून सोडली तर ती नटच्या खाचेत अडकते आणि वाजवताना आणखी उतरते. आणि ॲपवर नुसतं "ई" अक्षर बघून तार चढवत राहू नका; अक्षरापुढचा आकडा बघा, तो सप्तक सांगतो. ई५ हवं असताना तार ई४ च्याही खाली असली की माणूस फसतो. हात न थांबवता चढवत जाणं हे तार तुटायचं सगळ्यात मोठं कारण आहे. ई तार लावताना चेहरा वाद्यापासून लांब ठेवा, मुलांचा तर नक्कीच.

टेलपीसवरचे छोटे स्क्रू म्हणजे फाइन ट्यूनर. शिकणाऱ्याच्या वाद्याला चारही तारांना ते हवेतच. फक्त ई तारेलाच असेल तर चारही फाइन ट्यूनर अंगचे असलेला टेलपीस बसवून घ्या. आमच्या वाद्यावर केलेला सगळ्यात उपयोगी खर्च हाच. खुंटीनं सुराच्या जवळ यायचं आणि उरलेला केसभर फरक फाइन ट्यूनरनं काढायचा. एक खाच-खळगा आहे: स्क्रू फिरवत फिरवत पूर्ण आत गेला की त्याची खालची दांडी वरच्या फळीला टेकते आणि वार्निश खरवडते. अधूनमधून खाली वाकून बघा. स्क्रू फार आत गेला असेल तर तो अर्ध्यावर सोडा आणि खुंटीनं पुन्हा सूर आणा.

हिंदुस्थानी पद्धतीत शिकत असाल तर गोष्ट थोडी वेगळी. गजाननबुवा जोशी (१९११–१९८७) आणि डी. के. दातार यांच्यासारख्यांनी हे वाद्य गळ्याच्या अंगानं गायला लावलं, आणि आपल्याकडे तारा षड्ज-पंचमाच्या जोड्यांत लावतात. सा कुठला धरायचा हे गुरूच सांगतील. पण एक हिशोब लक्षात ठेवा. तारेचा ताण सुराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. एक पूर्ण स्वर चढवलात की ताण सव्वापट होतो. साध्या तारांना आणि स्वस्त वाद्याच्या सांध्यांना ते सोसत नाही. म्हणून जमेल तिथं उतरवून लावलेली जुळणी निवडा. उदाहरणार्थ पांढरी पाचचा, म्हणजे जीचा, सा धरलात तर जी आणि डी आहेत तिथंच राहतात, ए आणि ई एकेक स्वर उतरतात आणि सा-प-सा-प मिळतं. काही चढवावं लागत नाही.

कानानं लावायचं असेल तर तानपुरा ॲप सुरू करा आणि शेजारच्या दोन तारा एकदम, हलक्या हातानं ओढा. सूर जुळला नसेल तर आवाजात एक लाट येते, वाँव-वाँव अशी. जवळ आलात की लाट लांबत जाते आणि नेमक्या जागी थांबते. लेकीला हे पहिल्यांदा ऐकू आलं तेव्हा ती बो हातात धरून तशीच थांबली आणि म्हणाली, "आई, हलायचं बंद झालं." त्या दिवसापासून ती ट्यूनर फक्त पहिल्या तारेपुरता वापरते.

५. तार बदलताना

एका वेळी एकच. सगळ्या एकदम उतरवल्या की ब्रिज पडतो आणि साउंडपोस्टही पडू शकतो.

तारेचं टोक खुंटीच्या भोकातून जेमतेम बाहेर काढा, पहिला वेढा त्या टोकावरून घ्या म्हणजे ते धरलं जातं, आणि पुढचे वेढे खुंटीच्या जाड बाजूकडे, डब्याच्या भिंतीकडे नेत जा. शेवटचा वेढा भिंतीजवळ आला की तो खुंटीला हलकेच आत ओढून धरतो. भिंतीवर चेपला मात्र नको. तिथं तार कुरतडते आणि खुंटी गच्च होते.

वाद्यासोबत आलेल्या तारा बहुधा कर्कश असतात. शिकणाऱ्यांसाठी स्टीलच्या गाभ्याच्या तारा बऱ्या, उदाहरणार्थ दादारिओ प्रेल्यूड. त्या दमट हवेत टिकतात आणि एक-दोन दिवसांत स्थिरावतात. सिंथेटिक गाभ्याच्या तारांचा आवाज गोड असतो, पण त्या आठवडाभर उतरत राहतात आणि महागही पडतात. पहिल्या वर्षी त्यांची घाई नको.

६. बो आणि राळ

बोचे केस घोड्याच्या शेपटीचे असतात. ते नुसते असताना तारेवर आवाजच निघत नाही. राळ लावल्यावरच ते तार पकडतात. नवीन राळ काचेसारखी गुळगुळीत असते, केसांना लागतच नाही. बारीक पॉलिश-पेपरनं वरचा थर थोडा घासा, पांढरी भुकटी दिसली की लावा. नव्या बोला पहिल्यांदा पुष्कळ लागते, नंतर रोज चार-पाच हात पुरे. वाजवताना धूर उडाल्यासारखी भुकटी उडत असेल तर राळ जास्त झाली.

बो ताणताना केस आणि काडी यांच्यामध्ये मधोमध साध्या पेन्सिलीएवढं अंतर ठेवा. काडीचा आतला बाक सरळ होईपर्यंत आवळू नका. वाजवून झाल्यावर केस सैल सोडलेच पाहिजेत, नाहीतर स्वस्त काडी काही महिन्यांत कायमची सरळ होते. केसांना बोट लावू नका. हाताचं तेल लागलं की त्या जागी राळ धरत नाही.

तारांवर आणि फळीवर पडलेली राळ रोज कोरड्या फडक्यानं पुसा. राहिली तर थर कडक होतो. सॅनिटायझर किंवा स्पिरिट लावलंत तर वार्निश विरघळतं.

७. पावसाळा

व्हायोलिनला साधारण ४० ते ६० टक्के आर्द्रता मानवते. आपल्याकडे जुलैत ती बाहेर ८० च्या वर सहज असते. खाडीलगतच्या वाशी-नेरूळकडे तर हवेत मीठही, तारांवर तांबूस ठिपके लवकर येतात. हवा आपण बदलू शकत नाही, पेटीतली हवा मात्र बऱ्यापैकी सांभाळता येते.

वाद्य वाजवत नसाल तेव्हा पेटीत, पेटी बंद, आत दोन-तीन सिलिका जेलच्या पुड्या आणि मापक. रंग बदलणारं सिलिका जेल घ्या, म्हणजे ते भरलं की कळतं. कापडी पुडीत असेल तर दाणे ताटलीत काढून मंद आचेवर तव्यावर गरम करा. रंग परतला की ते पुन्हा कामाला तयार. स्वयंपाकाचा तवा मात्र वापरू नका, जुना वेगळा ठेवा. आकडा ४० च्या खाली जाऊ देऊ नका. फार सुकवलं की सांधे उघडतात.

पेटी बाहेरच्या भिंतीला टेकवू नका. ठाण्यातल्या जुन्या इमारतींमध्ये पश्चिमेची भिंत ओल धरते आणि पेटीच्या मखमलीवर हिरवट बुरशी येते. माळ्यावर, पलंगाखाली, गाडीच्या डिकीत नको. ऊन पडलेल्या दिवशी रिकामी पेटी, वाद्य बाहेर काढून, तासभर उन्हात उघडी ठेवा. अंधारात पडून राहिलेल्या पेटीत केस खाणारी कीड होते. ती महिन्यानं उघडलीत आणि बोचे केस एका बाजूनं तुटून लोंबताना दिसले तर कारण बहुधा हेच.

भिजलं तर? आम्ही एकदा घंटाळीहून गडकरी रंगायतनच्या बाजूला चालत येताना सरीत सापडलो आणि पेटीच्या चेनीतून पाणी गेलं. टिपून घ्या, चोळू नका. पंख्याच्या हवेत, थेट झोतात नाही, रात्रभर ठेवा. हेअर ड्रायर कधीही नको. दुसऱ्या दिवशी पुन्हा कडेनं टकटक करून सांधे तपासा.

सांधा सुटला तरी घाबरू नका. व्हायोलिन सरसानं जोडतात, तोच जुना प्राण्यांच्या कातड्या-हाडांचा सरस. तो मुद्दाम थोडा कच्चा ठेवतात, म्हणजे हवेच्या ताणानं लाकूड तडकण्याऐवजी सांधा सुटतो आणि गरम सरसानं परत जोडता येतो. आमच्या वाद्याचा सांधा एका दुरुस्तीवाल्यानं झटपट चिकटणाऱ्या गोंदानं भरला. काम पाच मिनिटांत झालं, पण पुढच्या वर्षी वरची फळी उघडायची वेळ आली तेव्हा गोंद सुटेना आणि लाकडाचा कपचा निघाला. पांढरा सुतारी गोंद, इपॉक्सी, झटपट गोंद, काहीही घरी लावू नका आणि दुसऱ्याला लावू देऊ नका.

८. कारागिराकडे नेताना

घरी करायची कामं: पुसणं, खडू-साबण, तारा बदलणं, झुकलेला ब्रिज सरळ करणं. घरी न करायची: साउंडपोस्ट उभा करणं, ब्रिजचे पाय आणि उंची, नट घासणं, खुंटी तासणं, सांधे, बोचे केस भरणं. साउंडपोस्ट वाकवलेल्या तारेच्या हुकानं उभा करायचे व्हिडिओ मुबलक आहेत. तरीही करू नका, खाचेच्या कडा तुटतात.

हार्मोनिअम-तबला दुरुस्त करणारा चांगला माणूस व्हायोलिन जाणत असेलच असं नाही. आधी तीन गोष्टी विचारा: सांधा कशानं जोडता, ब्रिजचे पाय कसे जुळवता, खुंटी तासायचं निमुळतं हत्यार आहे का. पहिल्याचं उत्तर "सरस" आलं तर बाकीचं बहुधा ठीकच असतं. क्लासमधल्या जुन्या विद्यार्थ्यांना विचारलंत की नाव मिळतंच. ठाण्यात नाही मिळालं तर दादर-गिरगावकडे जायची तयारी ठेवा. लोकलनं नेणार असाल तर गर्दीची वेळ टाळा आणि पेटी रॅकवर न ठेवता मांडीवर घ्या.

सोबत बिल न्या, मोजलेली उंची कागदावर लिहून न्या आणि देण्याआधी चहूबाजूंनी फोटो काढा. किती दिवस आणि किती रुपये ते आधीच पक्कं करा. केस बदलायला दिलेत तर काडी तीच परत आली का हे फोटोशी ताडून बघा.

काढलेल्या जुन्या तारा फेकू नका. धड असतील त्या पाकिटात गुंडाळून, वर तारीख घालून, पेटीच्या खिशात ठेवा. कार्यक्रमाच्या दिवशी तार तुटली तर नवी कोरी तार उतरत राहते; आधी मुरलेली जुनी तार मात्र लावल्यावर लवकर थांबते.